अपडेट ‘अनमेट डिपेंडन्सीज’वर अडलं तर गाठ कुठे शोधायची

प्रश्न असा आहे: डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर अपडेट करताना ‘अनमेट डिपेंडन्सीज’ची, म्हणजे न जुळलेल्या अटींची, लांबलचक यादी येते, शेवटी ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ असं वाक्य दिसतं आणि ‘--फिक्स-ब्रोकन’ चालवलं तर सिस्टीम निम्मा डेस्कटॉपच काढायला निघते. अशा वेळी पॅकेज जबरदस्तीने बसवायचं, की सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करायचं?

दोन्ही नको. पॅकेज मॅनेजर (इथे ॲप्ट, आणि त्याच्याखाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारं डीपीकेजी) बिघडलेला नाही. तुम्ही समोर ठेवलेल्या अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत, एवढंच तो सांगतोय. प्रत्येक पॅकेज आपल्या अटी घेऊन येतं. ‘डिपेंड्स’ म्हणजे अमुक लायब्ररी अमुक आवृत्तीची हवीच, ‘कॉन्फ्लिक्ट्स’ म्हणजे अमुक पॅकेज सोबत नांदणार नाही, ‘ब्रेक्स’ म्हणजे माझ्या येण्याने अमुकची ठरावीक आवृत्ती मोडेल. एका रिलीजच्या रेपोतली (पॅकेजेसच्या ऑनलाइन भांडारातली) पॅकेजेस एकमेकांसोबतच बांधलेली आणि तपासलेली असतात, त्यामुळे त्यांच्यात असा पेच क्वचित पडतो. पेच पडतो तो बाहेरून आलेल्या आवृत्तीमुळे, अर्धवट पोचलेल्या रेपोमुळे किंवा मध्येच तुटलेल्या इन्स्टॉलमुळे. म्हणून ‘हे पॅकेज बसवू कसं?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि आधी विचारा, ‘ही आवृत्ती आली कुठून?’ त्याचं उत्तर मिळालं की उपाय बहुधा दोन-तीन कमांडचा असतो.

खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीप्रमाणे रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाकायच्या. पॅकमनच्या पर्यायांतलं पहिलं अक्षर मात्र कॅपिटल.

हात लावण्याआधी

‘सुडो ॲप्ट अपडेट’ चालवा आणि त्याचं आउटपुट पहिल्या ओळीपासून वाचा. बहुतेक जण इथेच घाई करतात. एखाद्या रेपोची सही तपासता आली नाही, कुठे ४०४ (‘फाइल सापडली नाही’) आला, की ॲप्ट शेवटी सांगतं की काही इंडेक्स फाइली उतरल्या नाहीत आणि त्यांच्या जागी जुन्याच वापरल्या आहेत. म्हणजे एका रेपोची यादी आजची आणि दुसऱ्याची महिन्याभरापूर्वीची. अशा मिश्रणातून निघालेल्या डिपेंडन्सीच्या तक्रारीचा अर्थ लावत बसण्यात हशील नाही. आधी ती ओळ दुरुस्त करा, किंवा तो रेपो तात्पुरता बंद करा, आणि ‘अपडेट’ स्वच्छ पार पडल्यावरच पुढे जा.

मग ‘डीएफ -एच’ने ‘/’, ‘/बूट’ आणि ‘/व्हार’मध्ये किती जागा उरली आहे ते बघा. ‘/बूट’ वेगळं विभाजन असेल आणि जुन्या कर्नलांनी (सिस्टीमच्या गाभ्याच्या आवृत्त्यांनी) भरलेलं असेल, तर नव्या कर्नलची इनिट-रॅम-एफएस ही बूट होताना लागणारी फाइल तिथे मावत नाही, कर्नल पॅकेज अर्धवट कॉन्फिगर होऊन पडतं आणि त्याच्यावर अवलंबून असलेली सगळी पॅकेजेस डिपेंडन्सीच्या तक्रारी करू लागतात. मूळ दुखणं फक्त जागेचं असतं.

‘/व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड’ दुसऱ्या कुणाकडे आहे असा निरोप आला तर ती फाइल उडवू नका. पार्श्वभूमीत आपोआप अपडेट चालू असतं आणि त्याने लॉक धरलेला असतो. फाइल काढली की दोन प्रक्रिया एकाच डेटाबेसमध्ये लिहू लागतात आणि साधा खोळंबा खऱ्या मोडतोडीत बदलतो. ‘सुडो एलएसओएफ’ला त्या फाइलचा पत्ता दिला की लॉक कुणाकडे आहे ते कळतं. त्याला काम संपवू द्या.

यानंतर रंगीत तालीम: ‘ॲप्ट-गेट -एस डिस्ट-अपग्रेड’. ‘-एस’मुळे काहीही बदलत नाही, फक्त काय घडलं असतं ते दिसतं. ‘इन्स्ट’ म्हणजे बसणार, ‘आरईएमव्ही’ने सुरू होणारी ओळ म्हणजे निघणार. त्या दुसऱ्या प्रकारच्या ओळी एकेक करून वाचा.

निरोपाचं शेपूट वाचा

तक्रारीची प्रत्येक ओळ सुरुवातीला सारखीच दिसते. खरी माहिती तिच्या शेवटच्या तुकड्यात असते आणि ती तीन प्रकारची असते.

‘बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल’ म्हणजे हे नाव चालू असलेल्या एकाही रेपोत मिळत नाही. एक तर रेपो बंद आहे, उदाहरणार्थ उबुंटूवर ‘युनिव्हर्स’, किंवा ते पॅकेज या रिलीजमधून गेलं आहे, किंवा तुम्ही दुसऱ्याच रिलीजसाठी बांधलेलं पॅकेज बसवत आहात.

‘बट अमुक आवृत्ती इज टू बी इन्स्टॉल्ड’ म्हणजे पॅकेज आहे, पण आवृत्ती जुळत नाही. ही ओळ सर्वांत उपयोगी, कारण तिच्यात हवी ती आणि मिळतेय ती अशा दोन्ही आवृत्त्या समोर असतात.

‘बट इट इज नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड’ ही सर्वांत फसवी. पॅकेज आहे, चालणारी आवृत्तीही आहे, पण तिसरंच काहीतरी तिला अडवतंय आणि ते इथे सांगितलेलं नाही. यावर जुना, खात्रीचा मार्ग असा: अडलेल्या डिपेंडन्सीचं नाव तुम्ही स्वतः मागा. ‘ॲप्ट-गेट -एस इन्स्टॉल क’ अडलं आणि ‘ख बसणार नाही’ म्हणालं, तर ‘ॲप्ट-गेट -एस इन्स्टॉल क ख’ चालवा. आता ‘ख’ का अडलं ते दिसेल, समजा ‘ग’मुळे. मग ‘ग’ही जोडा. असं करत साखळीच्या टोकाला पोचलात की शेवटची ओळ बहुधा दुसऱ्या प्रकारची निघते, दोन आवृत्त्या दाखवणारी. तीच गाठ. हेच काम ‘ॲप्टिट्यूड व्हाय-नॉट’ एका फटक्यात करतं, आणि ‘ॲप्ट-गेट’ला ‘-ओ डीबग::पीकेजीप्रॉब्लेमरिझॉल्व्हर=येस’ दिलं तर सॉल्व्हरने (अटी जुळवून तोडगा शोधणाऱ्या भागाने) कोणत्या पॅकेजचा विचार केला आणि ते का नाकारलं तेही छापलं जातं. ते आउटपुट रूक्ष आहे, पण ‘ब्रोकन’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी तेवढ्या वाचल्या तरी पुरतं.

शेवटी येणाऱ्या ‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ या वाक्याने घाबरू नका. तुम्ही काही होल्ड केलं (एखादी आवृत्ती गोठवून ठेवली) असेलच असं नाही. सॉल्व्हरला तोडगा निघाला नाही की तो हे वाक्य छापतो. खरोखर होल्ड आहे का ते ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ने पाहा, यादी रिकामी असेल तर तो मुद्दा संपला. ॲप्ट ३.० मध्ये नवा सॉल्व्हर आला आहे. ‘--सॉल्व्हर ३.०’ देऊन तो मागता येतो, आणि त्याचे निरोप कारणांची साखळी अधिक नीट मांडतात.

आवृत्ती कुठून आली

आता मुख्य कमांड: ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ आणि पुढे गाठीतल्या दोन्ही पॅकेजांची नावं. ‘इन्स्टॉल्ड’ म्हणजे आत्ता बसलेली आवृत्ती, ‘कँडिडेट’ म्हणजे ॲप्ट निवडेल ती. खाली आवृत्त्यांचा तक्ता येतो आणि प्रत्येकीखाली ती कोणत्या रेपोत, किती प्राधान्याने आहे ते लिहिलेलं असतं. नेहमीच्या रेपोचं प्राधान्य ५००, बॅकपोर्ट्सचं (नव्या रिलीजमधून जुन्यासाठी बांधलेल्या पॅकेजेसचं) १००, आणि फक्त तुमच्या संगणकावर असलेल्या आवृत्तीचंही १००.

तीन तारे असलेली ओळ बघा. ती बसलेली आवृत्ती. तिच्याखाली फक्त ‘१०० /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस’ एवढंच असेल आणि एकाही रेपोचा पत्ता नसेल, तर ती आवृत्ती आज कुणीच पुरवत नाही. ती पोरकी आहे. डिपेंडन्सीच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ अशाच एखाद्या पोरक्या ओळीत सापडतं.

याचं सर्वांत नेहमीचं रूप: ‘बिल्ड-इसेन्शियल’ (प्रोग्रॅम बांधायची साधनं) बसत नाही, कारण ‘लिबसी६-डेव्ह’ला ‘लिबसी६’ची नेमकी तीच आवृत्ती हवी आणि संगणकावर त्याहून नवी बसलेली आहे. नवी कुठून आली? इन्स्टॉल करताना किंवा नंतर ‘-अपडेट्स’ अथवा ‘-सिक्युरिटी’ या रेपो-विभागांमधून. मग कुणीतरी त्या ओळी बंद केल्या, किंवा सोर्सेसची (रेपोंचे पत्ते असलेली) फाइल हाताने लिहिताना त्या राहून गेल्या. आता मुख्य रेपोतली डेव्ह फाइल जुनी, लायब्ररी नवी, आणि दोघींमधलं नातं ‘बरोबर’च्या चिन्हाचं. इथे काहीही काढायचं नाही. त्या दोन ओळी परत चालू करा, ‘अपडेट’ करा, संपलं. ‘लिबसी६’ खाली उतरवायचा सल्ला कुणी दिला तर मानू नका. सिस्टीममधला जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम त्या लायब्ररीवर चालतो.

दुसरं नेहमीचं रूप ३२-बिट लायब्ररींचं. वाइन (विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं) किंवा स्टीमसाठी (गेम्सचं) ‘आय३८६’, म्हणजे ३२-बिट, पॅकेजेस लागतात. एकाच लायब्ररीची ६४-बिट आणि ३२-बिट पॅकेजेस शेजारी नांदायची असतील तर दोघांची आवृत्ती तंतोतंत एक असावी लागते. समजा, नव्या ग्राफिक्स ड्रायव्हरसाठी एक पीपीए (कुणी स्वतंत्रपणे चालवलेला उबुंटूचा जादा रेपो) जोडला होता, त्यातून मेसा या ग्राफिक्स लायब्ररीची नवी ६४-बिट आवृत्ती आली, आणि पुढे पीपीए बंद झाला. आता उबुंटूच्या रेपोत ३२-बिट मेसा आहे, पण जुनी. ६४-बिट मागे येणार नाही, कारण ॲप्ट आपणहून आवृत्ती उतरवत नाही, आणि ३२-बिट पुढे जाणार नाही, कारण तशी आवृत्तीच उपलब्ध नाही. तक्रार मात्र ‘वाइन’च्या नावाने येते, आणि माणूस तासन्‌तास वाइन काढून घालत बसतो.

यावरचा नेमका उपाय ‘पीपीए-पर्ज’. तो पीपीए बंद करतो आणि त्यातून आलेली पॅकेजेस मूळ रेपोच्या आवृत्तीवर आणतो. अट एवढीच की त्याला पीपीएची यादी वाचता आली पाहिजे. आधीच बंद केला असेल तर पुन्हा जोडा, ‘अपडेट’ करा आणि मग पर्ज चालवा. पीपीएच अस्तित्वात नसेल तर हाताने: ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल पॅकेज=आवृत्ती’, आणि एकाच सोर्स पॅकेजातून (मूळ कोडातून) निघालेली सगळी पॅकेजेस एकाच कमांडमध्ये. एकेक उतरवायला गेलात तर प्रत्येक जण दुसऱ्याचं कारण पुढे करतो. पॅकेजेस फार असतील तर ‘/ईटीसी/ॲप्ट/प्रेफरन्सेस.डी’मध्ये त्या रिलीजला १००१ प्राधान्य देऊन ‘फुल-अपग्रेड’ चालवता येतं. १००० आणि त्यापुढच्या प्राधान्याला ॲप्ट आवृत्ती उतरवण्याची परवानगी समजतं. काम झालं की ती फाइल त्याच दिवशी काढा. विसरलेलं पिनिंग (असं ठरवून दिलेलं प्राधान्य) पुढच्या अपडेटचा पेच ठरतं.

आवृत्ती उतरवणं लायब्ररींसाठी बहुधा निर्धोक असतं. डेटाबेस सर्व्हर, मेल सर्व्हर, डेस्कटॉपची सेटिंग्ज जपणारी पॅकेजेस यांचं तसं नाही. नव्या आवृत्तीने डेटाचं स्वरूप बदललेलं असतं आणि जुनीला ते वाचता येत नाही. तिथे आधी बॅकअप, मग विचार.

संगणकावर परकं काय काय आहे याची पूर्ण यादी हवी असेल तर ‘ॲप्ट लिस्ट’ला ‘?ऑब्सोलीट’ हा नमुना अवतरणचिन्हांत द्या. आता कोणत्याच रेपोत नसलेली पॅकेजेस दिसतात. मूळ वितरणाबाहेरून आलेल्या आवृत्त्यांसाठी नमुना असा: ‘?नॅरो(?इन्स्टॉल्ड, ?नॉट(?ओरिजिन(डेबियन)))’, उबुंटूवर अर्थात ‘डेबियन’च्या जागी ‘उबुंटू’. रिलीज बदलण्याआधी ही यादी काढून शक्य तेवढी रिकामी करणं हे नंतरच्या सगळ्या उपायांपेक्षा स्वस्त पडतं.

सोर्सेसमधली कोडनेमंही (रिलीजची टोपणनावं) तपासा. उबुंटू २४.०४ म्हणजे ‘नोबल’. अपग्रेडनंतरही एखाद्या फाइलमध्ये २२.०४ चं ‘जॅमी’ राहिलेलं असतं. ‘ग्रेप -आरएन जॅमी /ईटीसी/ॲप्ट’ केलं की सापडतं. डेबियनवर कोडनेमऐवजी ‘स्टेबल’ लिहिलं असेल तर नवा स्टेबल जाहीर होताच साधं अपडेट अख्ख्या रिलीजची उडी मारू पाहतं. आणि डेबियनवर उबुंटूचा पीपीए जोडू नका. दोन्हींची पॅकेजेस एकाच साच्यातली दिसली तरी ती वेगवेगळ्या लायब्ररींवर बांधलेली असतात.

‘केप्ट बॅक’ म्हणजे बिघाड नव्हे

‘ॲप्ट अपग्रेड’ नवं पॅकेज आणतं, पण बसलेलं कधीच काढत नाही. ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ नवंही आणत नाही. म्हणून बदलासाठी काही काढावं लागणार असेल तर ते पॅकेज मागे ठेवलं जातं. उपाय ‘फुल-अपग्रेड’, अर्थात आधी ‘-एस’ लावून. उबुंटूवर आणखी एक कारण असतं: २१.०४ पासून ॲप्ट टप्प्याटप्प्याने सोडलेली अपडेट्स ओळखतं. ‘पॉलिसी’मध्ये ‘फेज्ड’ आणि टक्केवारी दिसली तर तुमच्या संगणकाची पाळी अजून आलेली नाही. काही करू नका. पॅकेजचं नाव देऊन जबरदस्तीने ओढलं तर बहीण-पॅकेजेस मागेच राहतात आणि नसलेला पेच तयार होतो.

अर्धवट बसलेली पॅकेजेस

वीज गेली, टर्मिनल बंद झालं, जागा संपली, की डीपीकेजी मध्येच थांबतं. ‘डीपीकेजी -एल’च्या यादीत पहिल्या दोन अक्षरांत स्थिती असते: ‘आयआय’ ठीक, ‘आययू’ उलगडलं पण कॉन्फिगर झालं नाही, ‘आयएफ’ कॉन्फिगर होताना पडलं, ‘आयएच’ उलगडतानाच तुटलं. ‘सुडो डीपीकेजी --ऑडिट’ नेमकी हीच अर्धवट पॅकेजेस दाखवतं.

क्रम असा ठेवा: आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. दुसरी कमांड काय काय काढणार आहे ते वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नका. तिला फक्त सगळ्या अटी जुळवायच्या असतात, आणि अटी जुळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तक्रार करणारं पॅकेजच हटवणं. यादीत ‘उबुंटू-डेस्कटॉप’, ‘नोम-शेल’ किंवा नेटवर्क सांभाळणारं पॅकेज दिसलं तर ‘एन’ म्हणा आणि वरचा ‘पॉलिसी’चा शोध आधी पुरा करा.

कधी कधी पॅकेज उलगडतं पण त्याची ‘पोस्ट-इन्स्टॉल’ स्क्रिप्ट पडते. डिपेंडन्सी निर्दोष असतात. याचं नेहमीचं उदाहरण डीकेएमएस (प्रत्येक कर्नलसाठी बाहेरची मॉड्यूल्स बांधणारी यंत्रणा): नवा कर्नल आला, जुनं ग्राफिक्स किंवा व्हर्च्युअल मशीनचं मॉड्यूल त्याच्यावर बांधलं गेलं नाही, आणि कर्नलचे हेडर्स ‘आयएफ’ स्थितीत अडकले. यादीतली पहिली एरर शोधा, शेवटची नव्हे. मॉड्यूल बांधताना काय बिनसलं ते ‘/व्हार/लिब/डीकेएमएस’खाली त्या मॉड्यूलच्या ‘मेक.लॉग’मध्ये असतं. मॉड्यूल नव्या आवृत्तीवर न्या, ते शक्य नसेल तर काढा, आणि ‘--कॉन्फिगर -ए’ पुन्हा चालवा.

‘ट्राइंग टू ओव्हरराइट’ हा निरोप वेगळा आहे. दोन पॅकेजेस एकाच फाइलवर हक्क सांगतात. ‘डीपीकेजी -एस’ला कॅपिटल ‘एस’ आणि फाइलचा पत्ता दिला की सध्याचा मालक कळतो. फाइल एका पॅकेजातून दुसऱ्यात हलवली गेली आणि पॅकेज बांधणाऱ्याने ‘रिप्लेसेस’ लिहायचं राहिलं, एवढंच असेल तर त्या एका पॅकेजपुरतं ‘--फोर्स-ओव्हरराइट’ चालतं. मालक तिसऱ्याच रेपोतला असेल तर त्याला आधी काढणं बरं.

‘व्हेरी बॅड इनकन्सिस्टंट स्टेट’ असं म्हणत पॅकेज ना बसतं ना निघतं, तेव्हा आधी तीच डेब फाइल (पॅकेजची मूळ फाइल) पुन्हा बसवून पाहा. ती मिळतच नसेल तर ‘सुडो डीपीकेजी --रिमूव्ह --फोर्स-रिमूव्ह-रीइन्स्टरेक’ आणि पॅकेजचं नाव. हा शेवटचा पर्याय, आणि तोही एकट्या-दुकट्या ॲप्लिकेशनसाठी. ‘लिबसी६’, ‘डीपीकेजी’, ‘सिस्टमडी’ यांच्यावर कोणताही ‘फोर्स’ नको.

जुन्या रिलीजसाठी बांधलेली डेब फाइल

‘लिबएसएसएल१.१ नॉट इन्स्टॉलेबल’ ही तक्रार उबुंटू २२.०४ आणि डेबियन १२ पासून सारखी भेटते, कारण तिथे ओपनएसएसएल ३ आलं. जुन्या रिलीजच्या रेपोतून ती एक फाइल उचलून बसवली तर ॲप्लिकेशन चालू होतं, कारण दोन्ही लायब्ररींची नावं वेगळी असल्याने त्या एकमेकींना धक्का लावत नाहीत. पण एन्क्रिप्शन सांभाळणारी ती लायब्ररी सुरक्षा अपडेटशिवाय पडून राहते. त्यापेक्षा ॲप्लिकेशनची नवी आवृत्ती, फ्लॅटपॅक (आपल्या लायब्ररी सोबत आणणारं पॅकेज) किंवा जुन्या रिलीजचा कंटेनर (वेगळी बंदिस्त सिस्टीम), या क्रमाने पर्याय पाहा.

२०२४ पासून याच जातीचा आणखी एक प्रकार दिसतो. ३२-बिट यंत्रांवर वेळेचा आकडा ६४-बिट करण्यासाठी डेबियनने शेकडो लायब्ररी पॅकेजांना ‘टी६४’ असं शेपूट लावलं, आणि उबुंटू २४.०४ मध्येही तीच नावं आली. ‘लिबएसएसएल३’चं ‘लिबएसएसएल३टी६४’ झालं. नेहमीच्या ६४-बिट संगणकावर नवं पॅकेज जुन्या नावाची जबाबदारीही घेतं, त्यामुळे जुनी डेब फाइल बहुधा चालते. ‘लिबअसाउंड२’ मात्र हाताने मागितलं तर ‘व्हर्च्युअल पॅकेज आहे’ असं उत्तर येतं. तिथे ‘लिबअसाउंड२टी६४’ हे नाव द्यायचं.

पायथनचीही इथेच आठवण करून द्यायला हवी. ‘/यूएसआर/बिन/पायथन३’ दुसऱ्या आवृत्तीकडे वळवू नका आणि ‘सुडो पिप’ने (पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) सिस्टीमच्या पायथनमध्ये काही बसवू नका. सिस्टीमची कितीतरी साधनं त्याच पायथनवर चालतात. त्यांच्या स्क्रिप्ट पडल्या की ॲप्ट अडतं आणि दोष डिपेंडन्सीला लागतो. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून पिप स्वतःच नकार देतं. तो नकार मोडून काढण्याऐवजी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनच्या पॅकेजेससाठी वेगळी जागा) करा.

फेडोरा, आर्च, ओपनसूसे

तत्त्व तेच, साधनं वेगळी. फेडोरावर ‘नथिंग प्रोव्हाइड्स’ म्हणजे रेपो नाही किंवा मागे आहे. ‘कॅनॉट इन्स्टॉल बोथ’ म्हणजे दोन आवृत्त्यांचा पेच. आरपीएम फ्यूजन हा फेडोराबाहेरचा जादा रेपो वापरत असाल तर मेसाची नवी आवृत्ती फेडोरात आधी येते आणि तिथली जोडीदार पॅकेजेस थोडी उशिरा. ‘--नोबेस्ट’ किंवा ‘--स्किप-ब्रोकन’ने बाकीचं अपडेट करून घ्या आणि एक-दोन दिवस थांबा. ‘--अलाउइरेझिंग’ला पॅकेजेस काढण्याची मुभा असते, म्हणून ती यादी वाचूनच. ‘एफएफएमपेग-फ्री’च्या जागी पूर्ण एफएफएमपेग (ऑडिओ-व्हिडिओचं साधन) आणायचं असेल तेव्हा ‘डीएनएफ स्वॉप’सोबत तीच योग्य (डीएनएफ म्हणजे फेडोराचा पॅकेज मॅनेजर). आवृत्त्या विस्कटल्या असतील तर ‘डीएनएफ डिस्ट्रो-सिंक’ सगळं रेपोच्या पातळीवर आणतं, गरज पडली तर उतरवूनही. अल्मा किंवा रॉकी लिनक्स ९ वर ईपीईएल या जादा रेपोची पॅकेजेस अडली तर ‘सीआरबी’ हा वितरणाचाच पूरक रेपो चालू आहे का ते आधी बघा. फसलेला व्यवहार ‘डीएनएफ हिस्टरी अनडू’ने मागे घेता येतो, जुनी पॅकेजेस रेपोत शिल्लक असतील तोवर.

आर्चवर बहुतेक पेच एका सवयीतून येतात: ‘पॅकमन -एसवाय’ करून (पॅकमन म्हणजे आर्चचा पॅकेज मॅनेजर) एकच पॅकेज बसवणं. यादी नवी, सिस्टीम जुनी. अर्धवट अपग्रेड तिथे समर्थितच नाही. नेहमी ‘-एसवाययू’. ‘ब्रेक्स डिपेंडन्सी’च्या ओळीत अडवणारं पॅकेज एयूआरमधलं (वापरकर्त्यांनी चालवलेल्या भांडारातलं) आहे का ते ‘पॅकमन -क्यूएम’ने पाहा. असेल तर ते काढा, सिस्टीम अपग्रेड करा आणि मग ते नव्याने बांधा. सह्या जुळत नसतील तर आधी ‘आर्चलिनक्स-कीरिंग’ आणि लगेच पूर्ण अपग्रेड. आणि आर्चच्या बातम्यांचं पान वाचल्याशिवाय अपग्रेड नको. जून २०२५ मध्ये ‘लिनक्स-फर्मवेअर’चे तुकडे झाले, तेव्हा ‘एक्झिस्ट्स इन फाइलसिस्टम’ म्हणून अपग्रेड थांबत होतं आणि अधिकृत उपाय ‘-आरडीडी’ने ते पॅकेज काढून ‘-एसवाययू’सोबत पुन्हा बसवणं हाच होता. ‘-आरडीडी’ डिपेंडन्सी न बघता काढतो. अशी लेखी सूचना नसेल तेव्हा त्याला हात लावू नका, आणि या दोन पायऱ्यांच्या मध्ये संगणक रीस्टार्ट करू नका.

ओपनसूसेचा पॅकेज मॅनेजर झिपर क्रमांक घालून तोडगे पुढे ठेवतो. पहिला आहे म्हणून तोच निवडू नका. कोणत्या तोडग्यात पॅकेजचा ‘व्हेंडर’ (पुरवठादार) बदलतोय ते वाचा. टंबलवीडवर (सतत अपडेट होणाऱ्या ओपनसूसेवर) ‘झिपर डप’, साधं ‘अप’ नव्हे. आणि बीटीआरएफएस या फाइलसिस्टमवर असाल तर ‘स्नॅपर रोलबॅक’ने अपडेटपूर्वीच्या स्थितीत परत जाता येतं.

धोक्याची सूचना आणि परतीची वाट

२०२१ मध्ये पॉप ओएस या उबुंटूवर आधारित वितरणावर स्टीम बसवताना, रेपोत एका ३२-बिट लायब्ररीची जुळणारी आवृत्ती पोचलेली नसल्यामुळे, ॲप्टने डेस्कटॉपच काढायचा प्रस्ताव ठेवला होता. ‘यस, डू ॲज आय से!’ असं टाइप केलं की तो अमलातही येत होता. त्यानंतर ॲप्ट २.३.१२ पासून अत्यावश्यक पॅकेजेस एवढ्या सहज काढता येत नाहीत. पण तुमच्या डेस्कटॉपची पॅकेजेस त्या अत्यावश्यक यादीत असतीलच असं नाही, तेव्हा यादी वाचण्याला पर्याय नाही.

डेस्कटॉप आधीच निघून गेला असेल तर ‘/व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग’ उघडा. प्रत्येक व्यवहाराची तारीख, कमांड आणि ‘रिमूव्ह’ची पूर्ण यादी तिथे असते. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने टर्मिनलवर या, नेटवर्क चालू आहे का बघा, परकी आवृत्ती उतरवा, आणि मग ‘उबुंटू-डेस्कटॉप’सारखं मेटापॅकेज मागा, बाकीची यादी ते स्वतः ओढून आणतं. हे होईपर्यंत ‘ऑटोरिमूव्ह’ चालवू नका. मेटापॅकेज निघालं की त्याने आणलेली सगळी पॅकेजेस ॲप्टच्या लेखी ‘आता नको असलेली’ होतात आणि उरलासुरला डेस्कटॉपही त्यात जातो.

नव्याने इन्स्टॉल करणं योग्य ठरतं ते एकाच परिस्थितीत: ‘लिबसी६’ दुसऱ्या रिलीजची बसली आहे आणि तिच्यावर बांधलेली पॅकेजेसही तिथूनच आली आहेत. तेव्हा सुट्या गाठी सोडवण्यात वेळ जातो आणि विश्वास काही परत येत नाही. ‘/होम’ आणि ‘/ईटीसी’ची प्रत घ्या, ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’चं आउटपुट फाइलमध्ये जतन करा, आणि कोऱ्या सिस्टीमवर त्या यादीतलं लागेल तेवढंच परत बसवा. त्यातली पीपीएतून आलेली नावं गाळून.